फाटकावरचा नकाशा

लोक फाटकावर लिंबू-मिरची टांगतात. आमच्या शेजारच्या टिपणिसांनी स्वतःच्या यंत्राचा नकाशा टांगला होता. खाली हिंदीत लिहिलेलं : 'जो सुधार सके, सुधारे. नकल करना मना नहीं है.'

नोएडात कारखाने नुकते उगवत होते. रस्ते व्हायचे होते, पाट्या लागल्या होत्या. गल्लीत माझी मसाल्याची चक्की, शेजारी टिपणिसांची शेड, समोर स्कूटरचे ब्रेक बनवणारा खुराणा. टिपणीस सरकारी नोकरी मुदतीआधी सोडून धंद्यात पडले. पडलेच म्हणायचं, उठलेले मी पाहिले नाहीत.

त्यांना एकच ध्यास, एका हाताने चालणारा चकलीचा सोऱ्या.

"देवाने दोन हात दिलेत की," मी म्हटलं.

"काकू, बाजार मोठा आहे, यार!"

साठी ओलांडलेल्या बाईला हा माणूस यार म्हणायचा.

दर शनिवारी ते अख्ख्या गल्लीला चहाला बोलवायचे. कुणी साच्याची युक्ती सांगावी, कुणी स्प्रिंगची, सगळ्यांनी मिळून वस्तू करावी, असा बेत. लोक यायचे, समोसे हाणायचे आणि नकाशा उतरवून न्यायचे.

"झाकलं की नासतं, काकू!" हे त्यांचं पालुपद.

"आणि उघडं ठेवलं की मांजर खातं," हे माझं.

एकदा माझ्याकडेच मसाल्याची कृती मागितली. भिंतीवर लावू म्हणे, सगळे मिळून सुधारू. मी विचारलं, "का, बिघडलाय?" त्यावर मनापासून हसले. अशा माणसाला टोचून बोलण्यातही अर्थ नसतो.

सोऱ्या काही जमेना. एक हात दांडी ओढण्यात गुंतला की चकलीला वळसे कोण देणार? पीठ सरळ खाली पडायचं, गांडुळासारखं. सात सोरे झाले, सातही भंगारात गेले.

दिवाळीच्या तोंडावर बाजारात तोच सोऱ्या दिसला. नाव खुराणाचं. त्याने खाली तारेने स्कूटरचा पायाचा ब्रेक जोडला होता. पायाने दाबायचं, हाताने ताटली फिरवायची. मी तडक खुराणाकडे गेले.

"शरम नहीं आती?"

"आंटी, उन्होंने खुद लिखा है, मना नहीं है."

खरंच लिहिलं होतं, म्हणून जास्तच संताप आला. टिपणीस चार दिवस शेडवर आले नव्हते. मी एक सोऱ्या विकत घेतला आणि पहाडगंजात त्यांचं घर शोधत गेले.

"घ्या! पळवला तुमचा सोऱ्या. बसा आता समोसे वाटत."

त्यांनी सोऱ्या उलटा केला, ब्रेक दाबून पाहिला. "पाय! अहो काकू, पाय मला सुचलाच नाही!" आणि आत ओरडले, "शालू, बाहेर ये!"

बायको आली. उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. मी दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसले, तरी हे मला ठाऊक नव्हतं.

"तीन दिवाळ्या ह्यांच्या हातच्या चकल्या खातेय," ती म्हणाली. "दगड परवडले."

टिपणिसांनी स्वतः भाजणी मळली, सोऱ्यात भरली, त्याची पकड ओट्याला आवळली. तिने पायाने ब्रेक दाबला, डाव्या हाताने ताटली फिरवली. पहिली चकली तुटली. दुसरीही. तिसऱ्या वेळी वळसे पुरे झाले. तिने वाकून पाहिलं.

"काटे बरे आलेत," म्हणाली. मग नवऱ्याला, "तुम्ही व्हा बाजूला. तळायचं मी बघते."

टिपणीस बाजूला झाले. पिठाचे हात तसेच घेऊन शेजाऱ्यांकडे फोन करायला धावले. खुराणाला, आभार मानायला! इतका मूर्ख माणूस मी दिल्लीत दुसरा पाहिला नाही.

शालूने पहिला घाणा माझ्यापुढे ठेवला. चकलीत मीठ कमी होतं. मी सांगितलं नाही. आणखी दोन मागून घेतल्या.