दत्ताराम परबांची नाकाबंदी

लॅपटॉपच्या कोपऱ्यात शेरवानीची जाहिरात उगवली आणि दत्ताराम परबांनी चहाचा कप खाली ठेवला. शेरवानीचा विषय घरात आदल्या दिवशीच निघाला होता, तोही जेवताना, दार लावून. ऐकायला नवरा, बायको आणि मुलगा एवढीच माणसं. मग ही बातमी बाहेर गेली कशी?

"प्रेमा, तू कोणाला बोललीस?"

"काय बोलले?" प्रेमाताई ओट्यापाशी बांगडे साफ करत होत्या.

"शेरवानीचं."

"अजून मुलगी बघायची आहे, आणि मी शेरवानी शेरवानी करत भांडुपभर फिरू?"

"बाबा, मीच सर्च केली होती काल," प्रीतम आतून ओरडला. "त्याच लॅपटॉपवर."

हे उत्तर इतकं सरळ होतं की दत्तारामांना ते पटलंच नाही. त्यांचा नाइलाज होता. मुलुंडच्या एका औषध कंपनीच्या गेटवर त्यांनी उभा जन्म काढला होता. पाळी सुटली की प्रत्येकाचा डबा उघडायचा, भाजी चमच्याने ढवळायची, चपातीची घडी उलगडून बघायची. चपातीत कधी काही सापडलं नाही, पण म्हणून त्यांचा चपातीवरचा संशय कमी झाला नाही. निवृत्तीनंतर गेट सुटलं, नजर काही सुटली नाही. दूधवाला, लिफ्ट दुरुस्त करायला येणारा माणूस आणि सख्खे मेहुणे हे सगळे त्या नजरेखालूनच आत येत.

याच नजरेने प्रीतमची दोन स्थळं मोडली होती. पहिल्या मुलीच्या ऑफिसात जाऊन दत्तारामांनी तिथल्या वॉचमनकडे तिची चौकशी केली, आणि त्या वॉचमनने ती इमानदारीने मुलीला सांगितली. दुसरीच्या वडिलांना 'तुम्ही मुदतीआधी निवृत्ती का घेतलीत' हा प्रश्न त्यांनी एकाच बैठकीत इतक्या वेगवेगळ्या शब्दांत विचारला की ते गृहस्थ पोहे अर्धवट टाकून उठले. आता प्रीतमने चौतिशी गाठली होती. या वेळी त्यानेच विवाह जुळवणाऱ्या एका साइटवरून स्थळ आणलं होतं, बोरिवलीच्या धुरींची रुचिरा. आणि हात जोडून बापाला सांगितलं होतं, "बाबा, या वेळी फक्त नमस्कार करा आणि गप्प बसा. हे मोडलं ना, तर मी लग्नच करत नाही. बस्स."

पोरगा बोलला तसं करतो, हे दत्तारामांना माहीत होतं. आपल्यामुळे तो एकटा राहिला तर, ही धास्ती त्यांना होती. म्हणून मुलीच्या वडिलांनी, नंदकिशोर धुरींनी, 'आधी व्हिडिओवर बघू, मग घरचा पत्ता देऊ' असं कळवलं, तेव्हाही ते निमूट राहिले.

"पत्ता द्यायला काय होतं?" एवढंच ते म्हणाले.

"बाबा!"

"मी कुठे काय बोललो?"

माणसांवर संशय घ्यायला अशी बंदी आली, तेव्हा त्यांनी तो सगळाच्या सगळा लॅपटॉपवर वळवला. शेरवानी उगवली त्या दिवशी दुपारी ते चष्मा लावून पडद्यासमोर पहारा देत बसले. कोपऱ्यातून एकेक पाटी वर येऊ लागली. 'आजचा दिवस तुम्हाला जड जाईल.' 'गुडघेदुखीचं हे रहस्य डॉक्टर सांगत नाहीत.' 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब इथे दाबा.'

"ह्यांना आत कोणी सोडलं?" दत्ताराम गरजले.

प्रेमाताई हात पुसत आल्या. दुपारी जेवणं झाली की रेसिपी आणि मालिकांच्या बातम्या त्या लॅपटॉपवर वाचत. "मी सोडलं. ते विचारतात ना आधी. 'ही साइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते. अनुमती द्या, ब्लॉक करा.' मी आपली अनुमती देते."

"सगळ्यांना?"

"दारात आलेल्याला नको कसं म्हणायचं? 'इच्छिते' म्हणते हो ती! तुमच्या बहिणी कधी आल्या का इतकं विचारून?"

दत्तारामांनी कपाळावर हात मारला. ते बाहेरच्या दाराला दोन कड्या आणि एक साखळी लावत होते, आणि ही इकडे ज्याला त्याला पाट मांडून बसवत होती. ते तडक समोरच्या लॉरेन्सकडे गेले. लॉरेन्स बँकेतून निवृत्त झालेला, आणि मजल्यावरच्या यच्चयावत यंत्रांचा डॉक्टर.

"सिंपल आहे रे, दत्ता," लॉरेन्सने येऊन दाखवलं. "वर ही तीन टिंबं. त्यात सेटिंग्ज. मग साइटच्या परवानग्या. ज्याला ज्याला अनुमती दिलीय, तो हा असा काढून टाकायचा. बस. झकास."

"आणि हे खाली काय आहे? स्थान, मायक्रोफोन, कॅमेरा?"

"ते राहू दे तसंच. त्याला हात नको लावू हं, मॅन."

हात नको लावू म्हटल्यावर दत्तारामांचा हात शिवशिवला. लॉरेन्स जाताच त्यांनी एकेका फाटकावर जाऊन कुलूप ठोकलं. स्थान: ब्लॉक. मायक्रोफोन: ब्लॉक. कॅमेरा: ब्लॉक. त्यात एक सोय तर त्यांना फारच आवडली. कुठल्याही साइटने परवानगी मागायचीसुद्धा नाही, परस्पर नकार. गेटवर असं बटण असतं तर किती डबे वाचले असते! तरीही पडद्याच्या माथ्यावरचा तो कॅमेऱ्याचा बारीक डोळा आपल्याकडे बघतोय असं त्यांना वाटत राहिलं. शेवटी त्यांनी आरशावरची प्रेमाताईंची एक टिकली काढली आणि त्या डोळ्यावर चिकटवून टाकली. त्या दुपारी त्यांना कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

रविवारी सकाळी तिघं नटूनथटून सोफ्यावर बसले. प्रीतमने धुरींची लिंक उघडली. पडद्यावर दोन खिडक्या आल्या. एकीवर 'परब' लिहिलेलं, दुसरीवर 'धुरी', आणि दोन्ही काळ्याकुट्ट. आवाज नाही, चेहरा नाही.

"बघ," दत्ताराम पुटपुटले. "तोंड लपवतायत."

"बाबा, आपली पण खिडकी काळीच आहे! कोणी हात लावला होता ह्याला?"

दत्ताराम पंख्याकडे बघू लागले. प्रीतमने सेटिंग्ज उघडल्या आणि "वाट लागली!" म्हणत डोकं धरलं. भराभरा त्याने माइकचं कुलूप काढलं, कॅमेऱ्याचं काढलं. खिडकी तरीही काळीच. टिकली काळ्या रंगाची, बारीक, आणि बेमालूम बसलेली. ती त्याला दिसली नाही, आणि दत्तारामांनी सांगितली नाही, कारण पोरगा आधीच तापला होता.

"त्यांच्याकडे पण काहीतरी लोच्या दिसतोय. मी फोन लावून येतो. तुम्ही गप्प बसा," असं बजावून तो गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं.

दत्ताराम गप्प बसले, पण थोडाच वेळ. पंख्याकडे बघण्याच्या नादात प्रीतमने माइक उघडल्याचं त्यांनी पाहिलंच नव्हतं. माइकला आपण स्वतः कुलूप ठोकलंय या भरवशावर ते मोकळेपणी बायकोला म्हणाले, "लिहून ठेव प्रेमा, ही सरळ माणसं नाहीत. पत्ता देत नाहीत, तोंड दाखवत नाहीत. मुलीचा बाप कुठूनतरी फरारी असणार."

नेमक्या त्याच वेळी काळ्या खिडकीतून आवाज आला, "...मी सांगतो तुला, मुलाला टक्कल आहे. म्हणून अंधारात बसलेत. फोटो भाच्याचा लावला असेल."



"फरारी कोणाला म्हणालात?" खिडकी म्हणाली.

"टकलो कोणाक म्हणतास?" दत्तारामांच्या तोंडून एकदम मालवणी बाहेर पडली.

"म्हणजे, तुम्हाला ऐकू येतंय?"

"तुम्हालाही येतंय?"

प्रेमाताईंनी पदर तोंडाला लावला. झालं, हेही मोडलं, असं त्यांना वाटलं. दत्ताराम तर सोफ्यावरून अर्धवट उठले. पोराचं लग्न आपण परत एकदा आपल्या तोंडाने घालवलं, आणि या वेळी तर समोर माणूससुद्धा नव्हता. त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि आयुष्यात क्वचितच केलेली गोष्ट त्यांनी केली. खरं सांगितलं.

"धुरीसाहेब, चूक माझी. मीच सगळं ब्लॉक करून ठेवलं होतं. माइक, कॅमेरा, सगळं. हे साइटवाले बघतात हो आपल्याला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तुम्हाला पण जाहिरात आली का?"

"आली! शेरवानी! तुम्हाला?"

"पैठणी! जेवताना नुसतं नाव काढलं, तर सकाळी पैठणी हजर. मी त्याच दिवशी सगळं बंद करून टाकलं. माइक आत्ता पोरीने उघडला असणार. आणि कॅमेऱ्यावर तर जखमेची चिकटपट्टी लावलीय."

"मी टिकली!"

"टिकली?" धुरींच्या आवाजात आदर होता. "हे सुचलं नाही मला. कडेने निघत नाही ना?"

मग त्या दोन काळ्या खिडक्यांचं जे सूत जुळलं, ते प्रेमाताई बघतच राहिल्या. दोघांनी व्हायरसच्या पाट्या एकमेकांना पाठ म्हणून दाखवल्या. पासवर्ड कोणालाही, अगदी बायकोलाही सांगू नये, यावर एकमत झालं. धुरी एका गोदामात मालाची मोजणी करत असत आणि आजही किराणा घरी आला की तो वजन करून घेत. दत्तारामांचा ऊर भरून आला. इतकी वर्षं लोक त्यांना संशयी म्हणत होते. आज कोणीतरी पहिल्यांदाच सावध म्हणालं.

"पण काय हो, परबसाहेब," धुरी मध्येच म्हणाले, "मुलगा कुठे आहे?"

"गॅलरीत. तुम्हालाच फोन लावायला गेलाय."

"माझा फोन तर इथे माझ्या मांडीवर आहे. वाजलेला नाही."

"मुलगी कुठाय?"

"आत. फोनवर. दार लावून."

दोन्हीकडे कान टवकारले गेले.

"आमची आत कोणावर तरी ओरडतेय," धुरी आवाज खाली आणून म्हणाले. "'पित्या, तूच म्हणालास साइटवरून आलं तर चालेल' म्हणते. हा पित्या कोण?"

दत्ताराम चवड्यांवर गॅलरीच्या दारापाशी गेले. दारापलीकडे प्रीतम कळवळून फोनवर बोलत होता, "रुच्या, हळू बोल ना यार! दोन वर्षं आपल्या मालाडच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मी तुला सांगतोय, आमचे बाबा डेंजर आहेत. म्हणून तर हे सगळं नाटक केलं ना." मग पलीकडून काहीतरी उत्तर आलं असावं, कारण प्रीतम खळखळून हसला.

दत्ताराम दारापाशी तसेच उभे राहिले. त्यांनी वळून बायकोकडे बघितलं. प्रेमाताई ओट्यापाशी धुतलेल्या बश्या पुन्हा पुसायला लागल्या होत्या.

"तुला माहीत होतं?"

"मला कोण काय सांगतं या घरात?" प्रेमाताई बशीकडेच बघत म्हणाल्या.

दत्तारामांना राग यायला हवा होता, आणि तो आलाही, अगदी गळ्यापर्यंत. पण पोराचं ते हसणं त्यांनी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. घरात तो असा हसतच नसे. आपल्यासमोर हसायलाही त्याला चोरी वाटत असेल का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि तो त्यांना लागला. ते हळूच परत येऊन लॅपटॉपसमोर बसले.

"धुरीसाहेब, तुम्ही आत्ता काही ऐकलंत?"

पलीकडे बराच वेळ विचार झाला. "नाही. तुम्ही?"

"मी पण नाही."

दार उघडून घामाघूम झालेला प्रीतम आत आला. "सॉरी बाबा, त्यांचा फोन लागायला वेळ लागला. त्यांच्याकडे पण कॅमेऱ्याचाच प्रॉब्लेम आहे. आपण पुढच्या रविवारी..."

"कशाला? आमचं बोलणं झालं. स्थळ पसंत आहे."

"न बघता?" प्रीतमचे डोळे बारीक झाले. "चौकशी नाही? काही विचारलं नाहीत? बाबा, खरं सांगा, काय केलंत तुम्ही?"

"अरे, चांगली माणसं आहेत, विचारायचं काय? फक्त एक कर. तू एकदा त्या मुलीला बाहेर कुठेतरी भेट. ओळख ना पाळख, एकदम लग्न कसं करायचं?"

प्रीतमने चेहरा शक्य तितका गंभीर केला आणि म्हणाला, "हो, ते बरोबर आहे. भेटायला हवंच. काय नाव म्हणालात तिचं?"

काळ्या खिडकीत धुरींना जोराचा ठसका लागला.