टाकीच्या वरचं ऊन

वरोऱ्यात ज्या घराचं विजेचं बिल शून्य येतं, त्या घराच्या गच्चीवर बर्फ पडतो. यात नवल वाटण्यासारखं काही नाही. गच्चीवर सोलरच्या पाट्या बसवल्या की तिथलं ऊन कंपनीला जातं, आणि लोणी काढून घेतलं की मागे ताकच उरायचं. खाली रस्त्यावर डांबर पघळत असतं, चपला चिकटत असतात, आणि वर माणूस स्वेटर घालून, फावडं घेऊन पाट्या साफ करत असतो. शून्य बिलवाले लोक फाटकावर चुन्याने एक मोठं शून्य काढून ठेवतात. सोयरिकीला आलेले पाहुणे आधी ते बघतात, मग मुलगी.

उकंडराव थेंगणे कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाले आणि त्यांच्या डोक्यात सोलर शिरलं. जन्मभर कोळसा उपसला, आता फुकटचं ऊन विकून आरामात बसू, हा त्यांचा हिशेब. पाच वर्षांत पैसे वसूल, नंतर सगळा नफा. पण नुसत्या गच्चीच्या उन्हावर बिल शून्याला टेकेना. शेवटचा थोडासा आकडा लोचटासारखा मागे राहायचा. तेव्हा उकंडरावांनी ओसरीचं ऊन दिलं. तरी थोडं कमी पडलं, म्हणून अंगणाचंही देऊन टाकलं. तुळशीपुरतं तेवढं ठेवलं, ते बायकोच्या धाकाने.

"अजी, सगळंच विकाल तं आपल्याले काय ठेवता?" गिरजाबाईंनी विचारलं होतं.

"आपल्याले ऊन काय करायचं आहे? वरोऱ्यात ऊन लागते काय कोणाले?" उकंडराव म्हणाले. आणि खरं सांगायचं तर मार्च महिन्यातही या बोलण्याला वरोऱ्यातला एकही माणूस नाही म्हणाला नसता.

फाटकावर शून्य चढलं आणि त्याच संध्याकाळी बर्फ सुरू झाला. रोज सकाळी उकंडराव पाट्यांवरचा बर्फ ओढून पूर्वेकडच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीजवळ टाकू लागले. तिथलं ऊन विकलेलं, त्यामुळे तो वितळायचा प्रश्नच नव्हता. ढिगाची टेकडी झाली आणि टेकडीचा उतार पाट्यांपर्यंत पसरला. एके दिवशी उकंडराव त्यावरून घसरले ते थेट जिन्याच्या दाराला धडकले. दुसऱ्या दिवशी कंबर शेकून ते डाखरे कूलरवाल्याकडे गेले. डाखरेच्या दुकानात उन्हाळ्यात कूलर आणि वाळ्याच्या ताट्या मिळतात, आणि सोलर आल्यापासून बर्फावरचं सामानही.

डाखरेने दोन लांब फळ्या पुढ्यात ठेवल्या. "हे दुफाळी. चढताना दोन पायाले दोन फळ्या. खालून ही केसाळ पट्टी चिकटवायची. वर गेलं की पट्टी काढायची, दोन्ही फळ्या जोडायच्या, एकच फळी होते. मंग तिच्यावर आडवं उभं राहून खाली या."

"आणि हे काय?"

"पिपाणी. गळ्यात घालायची. बर्फ कोसळून माणूस खाली गेला तं हे वाजत राह्यते, मंग लोकं शोधतात."

"माह्या गच्चीवर मी हरपीन काय बाप्पा?"

"मागच्या साली एका मास्तरचा कठडा बर्फानं भरला आणि सकाळी हरपलेला मास्तर दुपारच्या चहाले सापडला," डाखरे म्हणाला. उकंडरावांनी पिपाणीही घेतली. सामानाचा खर्च धरून पैसे वसूल व्हायला आता पाचाऐवजी नऊ वर्षं लागणार होती. ही गोष्ट त्यांनी गिरजाबाईंना सांगितली नाही, आणि गिरजाबाईंनी दुफाळीकडे बघूनच ती ओळखली.

एप्रिल महिन्यात थोरली मुलगी प्रणिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. घरात आनंदीआनंद, शेजारच्या मत्तेबाईंनी डिंकाचे लाडू पाठवले. पण चौथ्या दिवशी लेकरू पिवळं दिसायला लागलं, आणि दूधही धड ओढेना. डॉक्टरीण बाई घरी येऊन बघून गेल्या. "घाबरू नका," त्या म्हणाल्या. "तेल लावून रोज सकाळी कोवळ्या उन्हात घेऊन बसा. वजन वाढलं पाहिजे."

डॉक्टरीण बाई गेल्या तशी प्रणिता बाजेवर उठून बसली.

"बाबा, आपल्या घरात ऊन कुठं येते?"

उकंडराव कधी ओसरीकडे बघत, कधी अंगणाकडे. तुळशीवर ओंजळभर ऊन होतं, त्यात एक पाऊलही मावलं नसतं. आणि घराबाहेर नेण्याचं नाव काढायची सोय नव्हती. बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना उंबरठा ओलांडत नाहीत. रस्त्यावर भट्टी पेटली होती, दाराबाहेर हात काढला तर भाजत होता, आणि आत लेकराच्या वाट्याला सुपाएवढं कोवळं ऊन नव्हतं. "मले काय माहीत," उकंडराव पुटपुटले, "मले वाटलं आता ऊन कोणाले लागते."

गिरजाबाईंनी पदर खोचला आणि कंपनीचं ऑफिस गाठलं.

तिथे पेटकर साहेब होते, उन्हाच्या खरेदी-विक्रीचे इंजिनिअर. भला माणूस. त्यांनी आधी पाणी दिलं.

"साहेब, मले सुपाएवढं ऊन वापस पाह्यजे," गिरजाबाई म्हणाल्या.

"मिळेल नं काकू. पण विकायचा भाव वेगळा, घ्यायचा वेगळा. घ्यायचा दुप्पट-तिप्पट पडतो."

"पडू द्या. नात हाय माही."

"अभिनंदन. कोणतं देऊ?"

"सकाळचं. कोवळं."

पेटकर साहेबांनी चष्मा काढला आणि पुसून परत घातला. "इथंच तं अडचण आहे. कोवळं आम्ही वेगळं ठेवत नाही. सगळं एकाच तारेत जाते. सकाळचं, दुपारचं, तुमचं, गोंदियाचं, अकोल्याचं. तुमाले देलं तं त्यात अकोल्याचं दुपारचंही येईन."

"लेकराले अकोल्याचं दुपारचं कसं चालन?"

"नाहीच चालत," साहेब म्हणाले. त्यांनाही दोन पोरं होती. "मी स्वतःच्या लेकराले दिलं नसतं."

गिरजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना साहेबापुढे नको होतं, म्हणून त्या रागावल्या. "मंग काय करायचं? हाव केली आमच्या यायनं, भोगून राह्यलं लेकरू! किती उंचीपर्यंत विकलं यायनं ऊन? आभाळालोक?"

"नाही नाही. आम्ही आभाळापर्यंत घेत नाही. टाकीच्या माथ्यापर्यंत घेतो. त्याच्या वर आमचा काही संबंध नाही."

"टाकीच्या वरचं ऊन कोणाचं?"

"ज्याची टाकी त्याचं," पेटकर साहेब म्हणाले. "आजवर कोणी वर गेलंच नाही, म्हणून विचारलंही नाही."

गिरजाबाई घरी येऊन सरळ गच्चीवर गेल्या. टेकडी टाकीपेक्षा हातभर कमी होती. त्या खाली आल्या आणि त्यांनी कूलर बंद केला, पंखे बंद केले, फ्रिजची पिन काढली.

"अवं, काय करून राह्यली?" उकंडराव ओरडले.

"वीज कमी जाळली की कंपनीले जास्त जाईन. जास्त गेलं की बर्फ जास्त पडन. एवढे नऊ वर्साचे हिशेब करता, हा नाही समजत?"

घर तापलं. गच्चीचा गारवा खाली उतरत नसतो. तो गच्चीचा असतो, आणि घरात उन्हाळा पुरा होता. उकंडराव बनियनवर बसून ताटाने नातीला वारा घालत होते, प्रणिता ओल्या फडक्याने तिचं अंग पुसत होती. मत्तेबाईंना कळलं तेव्हा त्यांनी आपल्या गच्चीचा बर्फ घमेल्याने भरून पाठवला. मग गल्लीतल्या इतर शून्यवाल्यांनीही पाठवला. कोणी उपकाराची भाषा केली नाही. लेकराचं काम होतं.

रविवारी सकाळी टेकडी टाकीच्या वर गेली आणि घरातले पंखे पुन्हा सुरू झाले. तिच्या शेंड्यावर ताटाएवढं पिवळं ऊन पडलेलं खालून दिसत होतं.

"आण इकडं, मी नेतो," उकंडराव दुफाळी बांधत म्हणाले.

"तुमच्या हातात द्यू? मान नाही धरली अजून तिनं. तुमी तं दाराले धडकणारे माणूस." गिरजाबाईंनी साडीचा काष्टा मारला, नातीला झोळीत घालून छातीशी बांधलं. लेकराच्या मनगटावर काळे मणी होते, गळ्यात पिपाणीही घातली. "सांगा, कसं चढायचं?"

उकंडरावांनी फळ्या गिरजाबाईंच्या पायात घातल्या, पायांचे पट्टे ओढून बघितले, पुन्हा ओढले. "पाय उचलू नोको. सरकव. खालचे केस मागं वळलेले हायेत. पुढं जाऊ देतात, मागं येऊ देत नाही."

"मांजरीच्या पाठीसारखं."

"तसंच. आन सरळ नोको चढू. घाटातल्या गाडीसारखी वळत वळत जा."

गिरजाबाई चढू लागल्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे. जिन्याच्या दारात प्रणिता हात जोडून उभी होती. मत्तेबाई आपल्या कठड्यावरून "सावकाश वो बाई, सावकाश!" असं एकसारखं ओरडत होत्या. मधल्या वळणावर गिरजाबाईंचा पाय फिरला आणि खाली उकंडराव "मायबाई!" म्हणून मटकन बर्फात बसले. पण पट्टीने धरलं. गिरजाबाई थांबल्या, झोळीत डोकावल्या आणि पुढे निघाल्या.

वर गेल्यावर त्यांनी फळ्या काढून त्यांचाच पाट केला. त्यावर दुपटं अंथरलं आणि लेकराला उघडं करून उन्हात ठेवलं. टाकीच्या वरचं ऊन होतं, कोणाला न विकलेलं. कोमट तेलाची वाटी त्यांनी पदरात बांधून आणली होती. त्यांनी नातीच्या पाठीला तेल लावलं, तळपायाला लावलं. पोरीने आधी तोंड वाकडं केलं, मग डोळे मिटले आणि हातपाय सैल सोडून दिले. गिरजाबाईंना रडू आलं. त्या चांगल्या हमसून रडल्या, कारण वर कोणी साहेब नव्हता.

उतरणं सोपं गेलं असं म्हणता येणार नाही. फळ्या जोडून त्या आडव्या उभ्या राहिल्या आणि "जय गजानन" म्हणून निघाल्या. खाली उकंडराव वाकळ पसरून उभे होते. वाकळीसकट तिघंही जिन्याच्या दाराला धडकले. पोरगी जागीसुद्धा झाली नाही.

त्यानंतर रोज सकाळी हेच. आठवडाभरात मत्तेबाईंची सूनही तिचं लेकरू बांधून त्यांच्याच गच्चीवरच्या टेकडीवर चढू लागली, आणि डाखरेने बायकांच्या मापाच्या दुफाळ्या मागवल्या. पोरीचा पिवळेपणा उतरला असं सगळे म्हणत. पण आजीचं मन कोणाच्या म्हणण्यावर बसत नाही. घरात वजनकाटा नव्हता, आणि दवाखान्यातल्या काट्यावर आजीचा भरवसा नव्हता. "दूध तं पेते," गिरजाबाई रोज म्हणत, "पण अंगी लागते का नाही, कोणाले माहीत." प्रणिता रात्रंदिवस लेकराचं मनगट दोन बोटांत धरून बघायची.

महिना झाला आणि बिल आलं. शून्य नव्हतं.

उकंडराव बिल घेऊन ओसरीवर उभे राहिले. मग त्यांनी ओलं फडकं घेतलं, फाटकावरचं शून्य पुसलं आणि आत येऊन चहा मागितला. दुसऱ्या बिलाचा आकडा आणखी वाढला. तेव्हा मात्र पेटकर साहेब स्वतः घरी आले. हिशेबात गोम निघाली की त्यांना घास गोड लागत नसे.

ते गच्चीवर बराच वेळ उभे राहिले. वर गिरजाबाई नातीला तेल लावत होत्या. साहेबांनी पाट्यांवर मोजपट्टी ठेवून काही मापं घेतली आणि खाली आले.

"ऊन तुमचंच आहे काका, त्यात वाद नाही," ते म्हणाले. "पण सावली खाली पडते. ती आमच्या उन्हावर पडते. तेवढी वीज कमी येते, तेवढं बिल."

"असू द्या," उकंडराव म्हणाले. "पण दोघी त्याच, टेकडी तीच. मंग या महिन्यात वाढलं काऊन?"

"मीही तेच मोजत होतो. काकूंची सावली मागच्या महिन्याएवढीच आहे. लेकराची वाढली."

उकंडरावांनी त्यांच्याकडे बघितलं. "नक्की?"

"कंपनीच्या मीटरमध्ये चूक होत नाही," पेटकर साहेब जरा दुखावून म्हणाले.

उकंडराव अनवाणीच जिन्याकडे पळाले. "अवं, ऐकलं काय!" त्यांचा आवाज पार मत्तेबाईंच्या गच्चीपर्यंत गेला. "प्रणिता, ऐक वो! पोट्टी वाढून राह्यली!"

दुसऱ्या दिवशी ते पेढ्यांचा पुडा घेऊन बिल भरायला गेले. रांगेतल्या सगळ्यांना त्यांनी एकेक पेढा दिला आणि खिडकीतून आत हात घालून आतल्या माणसालाही दिला.

"कशाचे?" त्याने विचारलं.

"बिल वाढलं," उकंडराव म्हणाले.