रोबोची खंडेनवमी

दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट भाग्यलक्ष्मी पाणी प्यायला गेली तेवढ्यात एकनाथरावांनी पिशवीतून झेंडूचा हार काढला. सात वर्षांच्या गौरीला चालवणाऱ्या रोबोच्या गळ्यात तो घालायचा होता, पण रोबोला होते नुसते दोन पोलादी पाय. शेवटी हार गुडघ्यावर अडकवून त्यांनी हळद-कुंकू लावलं. खंडेनवमी होती. हैदराबादेत, मलकपेठेतल्या घरी मिक्सरलासुद्धा कुंकू लागलं होतं, मग यालाच का वगळायचं?

जन्मापासून नातीचे पाय ताठ. रोबो तिला पट्ट्यांत धरून चालवायचा, पण यंत्राबाहेर ती वॉकर धरते का, हे आज डॉक्टर बघणार होत्या. वॉकर दिसला की गौरी भोकाड पसरायची. आजोबांचा जीव टांगणीला लागला होता.

भाग्यलक्ष्मीने परत येऊन गौरीला पट्ट्या बांधल्या आणि यंत्र सुरू केलं. त्याने एक पाय उचलला आणि ते थांबलं.

"अंकल, ये फूल कौन डाला?"

"मीच की, पोरी. सणाचा दिवस हाय."

"धागा मोटर में गया तो?"

हार काढला. यंत्र सुरू झालं, पुन्हा बंद. कुंकू पुसलं. तरी बंदच. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "मशीन एकदम ठीक है, मॅडम." ठीक आहे तर चालत का नाही, हे त्यालाही सांगता येईना. पूजेत काही कमी पडलं की जास्त झालं, एकनाथरावांना कळेना. ते घामाघूम झाले.

इतक्यात डॉक्टर रंजना आल्या. त्यांचं लक्ष गौरीच्या मुठीकडे गेलं. भीती वाटली तर यंत्र थांबवायला मुलांना लाल बटण देतात, ते तिच्या मुठीत होतं.

"गौरी, तूच बंद करतेस?"

"हौ."

"भीती वाटते?"

"नाही. पूजा झाल्यावर आज त्याच्याकडून काम घ्यायचं नाही. आजोबाच म्हणतात."

"अगं बाळे, ते मी स्कूटरचं म्हटलो गं!" एकनाथराव कळवळले.

"मग या रोबोनं काय वाईट केलं? स्कूटरला सुट्टी दिली अन् आपण ऑटोत आलो नं?"

डॉक्टरांनी हसू दाबलं. "मग आज चालायचं कसं?"

गौरीने खोलीभर पाहिलं. नजर कोपऱ्यातल्या वॉकरवर थांबली.

"त्याची पूजा झाली का?"

"नाही."

"मग त्याला कशाला सुट्टी? आणा इकडं."

भाग्यलक्ष्मीने पट्ट्या सोडल्या, वॉकर पुढ्यात ठेवला आणि पाठीमागून कमरेला धरलं. गौरीने वॉकर दोन्ही हातांनी घट्ट धरला. एक पाय घसटत पुढे आला. एकनाथराव तिच्या समोरच खांबासारखे उभे राहिले, डोळे भरून वाहत होते.

"आजोबा," गौरी ओरडली, "बाजूला व्हा नं! मला पुढं जायचंय."