बसअप्पांची दोन घमेली

बसअप्पा सकाळी उठले की देवाच्या आधी घर हुंगतात. गुडघे टेकून, नाक फरशीला लावून. दिवाणाखालून सोफ्यामागं, सोफ्यामागून दारातल्या चपलांकडं. मग वर तोंड करून निकाल देतात, ‘कालचं न्हाय. आत्ताचंच हाय.’

हे नाक साधंसुधं नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजारात त्यांचं भुसाराचं दुकान होतं. मूठभर ज्वारी नाकाशी नेऊन ती कुठल्या शिवारातली ते सांगायचे. धान्याला कीड लागली म्हणून कुणी रडत आलं, की ठरलेलं वाक्य, ‘मालात खोट न्हाय, ठेवण्यात खोट हाय.’ आता ते नाक एका मांजरीच्या मुतामागं लागलंय. बघवत नाही.

मांजरीचं नाव गौरा. दुकानात उंदरांसाठी पाळलेली. अप्पांच्या बायको, आमच्या काकू, वारल्या, दुकान बंद झालं, आणि मुलानं बाप आणि मांजर दोघांनाही धाराशिवला आणलं. तिसरा मजला, आमच्या समोरचं दार, आरशासारखी फरशी. गौरा पहिल्याच आठवड्यात सोफ्यावर मुतली. मग गादीवर. मग सूनबाईंच्या, म्हणजे रेखावहिनींच्या, घडी घातलेल्या कपड्यांवर.

अप्पांनी उपाय काय कमी केले? इतकं फिनेल ओतलं की जिना दवाखान्यासारखा वास मारू लागला. एकदा तिच्या कपाळाला विभूती लावून शपथ घातली, ‘गौरे, माज्या गळ्यातल्या लिंगाची आण हाय तुला.’ गौरानं डोळे मिटून शपथ ऐकून घेतली आणि दुपारी त्यांच्याच उशीवर निकाल लावला.

शेवटी मला हाक आली. ‘ए बीएस्सी, हिकडं ये.’

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. आई-बापानं ऊस तोडून मला शिकवलं, त्याचा गर्व मी लपवत नाही. पण बीएस्सीला मांजराचं मूत नव्हतं. म्हणून गौराला बाजाराच्या पिशवीत घालून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. पुढं एक म्हैस, मागं दोन शेळ्या. डॉक्टरांनी तपासलं. ‘आजार नाही. फिनेल बंद करा, त्या वासानं ती आणखी बावचळते. रागवायचं नाही. आणि माती भरून घमेली ठेवा, शांत जागी, खाण्यापासून लांब. मांजर एक असलं तरी घमेली दोन.’

अप्पांनी एकच घमेलं ठेवलं. त्यात बांधकामाची वाळू. गॅलरीत, वॉशिंग मशीनला चिकटून. शेजारी दुधाची वाटी. मशीन गरगरलं की गौरा जी उडायची, ती थेट वहिनींच्या गादीवर.

मी कपाळाला हात लावला. ‘अप्पा, तुम्ही संडासात बसून जेवता का?’

‘आरं, पण घर पोराचं हाय,’ ते हळूच म्हणाले. ‘म्या कुठल्या तोंडानं सांगू, हितं ठेव, तितं ठेव?’

मग नवरात्र आलं. घटासाठी वहिनींनी तेरहून, माहेरच्या रानातली पोतंभर काळी माती आणली. थोडी चाळून परडीत घातली, देवघरात ठेवली. सकाळी बघतात तर गौरानं तिथं नीट खड्डा करून, काम उरकून, वर माती लोटून ठेवलेली.

वहिनी रडल्याच. ‘अप्पा, दोन वर्षं मी हिचं धुतेय. आता बास. दसऱ्याला मांजर तामलवाडीला, माझ्या मावशीच्या गोठ्यात.’

त्यांचं चुकलं, असं मला म्हणवेना. अप्पा देवघराच्या उंबऱ्याशी बसले. पोत्यातली चिमूटभर माती उचलून हुंगली.

‘बीएस्सी, रानची हाय. दोन सालात पयल्यांदा माती घावली तिला.’ मग स्वतःशीच, ‘मालात खोट न्हाय...’ पुढचं त्यांनी म्हटलंच नाही.

त्या दिवशी अप्पांनी त्या घरात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. ‘पोरी, माज्या खोलीत दोन घमेली ठिवू दे. खाट भिताडाला सारतो.’

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि उरलेलं पोतं पायानं त्यांच्याकडं सरकवलं. ‘दसऱ्यापर्यंत. पुढचं मला सांगू नका.’ घटाला दुसरी माती आली.

दसऱ्याला सोनं द्यायला गेलो. दारातच वहिनी म्हणाल्या, ‘घर कोरडं आहे, भावजी. राहू दे तिला.’ एवढं बोलून पुरणाकडं वळल्या.

आत अप्पा खाटेवर बसले होते. कोपऱ्यातल्या घमेल्यात गौराची उकराउकर चालली होती. दुसऱ्यात अप्पांचे दोन्ही पाय, घोट्यापर्यंत मातीत.

‘दोन्ही वापरते का?’ मी विचारलं.

‘न्हाय. ती त्या एकातच जाती.’

मी आपट्याची पानं पुढं केली. अप्पांनी मातीत बोटं हलवली, माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘हे माजं हाय.’