बिरादारांचा जुना सर्व्हर

बिरादार सर्व्हरच्या खोलीत चपला काढून जातात. आत गेल्यावर खिशातल्या डबीतली विभूती आधी स्वतःच्या कपाळाला लावतात, मग सर्व्हरच्या लोखंडी कपाटाला. लातूरच्या आमच्या कॉलेजाचा सर्व्हर तेच सांभाळतात; तिथं कॉम्प्युटर विभागात मी नवा लागलो तेव्हा वाटलं, गडी गंमत करतोय. गंमत वगैरे काही नव्हती.

आमची वेबसाइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते, त्याची नवी आवृत्ती आली की मी त्यांच्या मागे लागायचो. "चालू हाय ना? मग बोट लावू नका," हे ठरलेलं उत्तर. फार ताणलं तर म्हणायचे, "पैलं बाळंतपण माहेरी असतंय, सर. आधी पुण्याकडं होऊ द्या, मग आपल्याकडं आणू." अमावस्या, श्रावणी सोमवार, सगळी कारणं वापरून झाली. मला त्यांचा मनापासून राग यायचा.

यंदा मात्र सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी जुन्या आवृत्तीची दुरुस्तीच कायमची बंद केली. म्हणजे उद्या कोणी हॅकर आत शिरला तर प्रवेशाचे फॉर्म भरलेल्या पोरांची सगळी माहिती उघड्यावर. बिरादारांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नव्यावर माझा एक जुना प्रोग्राम चालत न्हाई. घरी करून बघितलं."

"कसला प्रोग्राम?"

"हाय लहानसा. जाऊ द्या. पोरांचं नुकसान नको. करा तुम्ही."

रविवारी मी काम उरकलं. सगळी पानं सुरळीत उघडली. सोमवारी मी पेढे घेऊन गेलो.

एक वाजता बिरादार डबा समोर ठेवून मोबाइलकडं बघत बसले होते. झाकण तसंच लावलेलं. काय झालं, म्हणून मी विचारलं.

"आमची मंडळी होती तव्हा बरोबर एकला फोन करायची, जेवलात का म्हणून. ती गेल्यावर मी सर्व्हरला शिकवलं. रोज एकला तेवढाच मेसेज. तोच प्रोग्राम."

मला फार वाईट वाटलं. "नवा लिहून देतो की मी. तासाभराचं काम आहे."

"नको सर. तुम्ही लिव्हला तर तुमचा मेसेज होईल."

डबा त्यांनी तसाच पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी एक वाजता बिरादार पिशवी घेऊन माझ्या टेबलाजवळ आले. डबा काढून टेबलावर ठेवला.

"जेवलात का, सर?"

मी मघाशीच जेवलो होतो. "अजून नाही," म्हणालो.