झोपेतच गेला

आमच्या शेजारच्या राऊत डॉक्टरांच्या रहस्यकथांत खून कधी होतच नाही. खुनी सुरा परजत खिडकीतून आत येतो, तर पलंगावरचा माणूस आधीच झोपेत शांतपणे गेलेला! मग पुढची दीडशे पानं इन्स्पेक्टर नेमकं काय शोधतो, देव जाणे. आणि छापण्याआधी हे सगळं वाचायची शिक्षा मला.

बरं, मरणाबाबत अडाणी म्हणावं, तर यांचा जन्म सरकारी नोकरीत शवविच्छेदनं करण्यात गेला. रिपोर्टात एक शब्द इकडचा तिकडे नाही. बोलण्यातही तेच. माझ्या बायकोनं प्रेमानं पाठवलेलं बोंबलाचं कालवण चाखून, "मीठ जास्त. याबद्दल शंका नाही," असं तोंडावर सांगणारा हा गृहस्थ.

"मग हे खोटंनाटं लिहिता कशाला?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "सराव करतोय."

कसला सराव, ते परवा कळलं. "गाडीनं मासवण गावाला सोडता का?" म्हणाले. बोईसर मागे पडलं. मग एकदम म्हणाले, "तिथला एक तरुण मुलगा कारखान्यात भाजून गेला होता. शवागाराबाहेर त्याच्या आईनं विचारलं, त्याला तरास झाला काय? मी म्हणालो, हो, खूप झाला. ती मटकन खाली बसली. खरं होतं हो ते, पण बोलायला नको होतं. निवृत्त झालो तरी ती बाई डोळ्यांसमोरून हलत नाही."

त्या मुलाची म्हातारी आई अंगणात नाचणी पाखडत होती. डॉक्टरांनी ओळख सांगितली, चपला काढल्या आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

"आजी, तेव्हा मी चुकीचं सांगितलं. तुमच्या मुलाची शुद्ध आधीच हरपली होती. त्याला काही कळलं नाही. झोपेतच गेला तो."

बोलताना नजर सुपातल्या नाचणीवर. इतकी पुस्तकं लिहूनही या माणसाला खोटं बोलणं साधलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं.

"तू तवाच खरा सांगलास, डॉक्टर. मना ठाव हाय."

तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"पन आता बोललास ना, ता परत एकदा बोल."