भीमाण्णा आणि गल्लीचं पाणी

या गल्लीत राहायला येऊन आम्हाला दोनच दिवस झाले होते. सकाळी दूध आणायला निघालो, तर रस्त्याच्या मधोमध सत्तरीचा एक माणूस पालथा पडलेला. मला वाटलं, गेला. धावत जाऊन खांदा हलवला, तर डोळे न उघडताच तो खेकसला, "गप बसा की! ऐकू द्या!"

त्याचा कान रस्त्यातल्या लोखंडी झाकणाला लावलेला होता. झाकणाखाली नळाची लाईन आणि ती उघडायचा-बंद करायचा व्हॉल्व्ह असतो.

हे भीमाण्णा. जन्मभर पाणीखात्यात चावीवाला होते. म्हणजे लांब लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली फिरायचं, ठरल्या वेळी पाणी सोडायचं आणि ठरल्या वेळी बंद करायचं. रिटायर होताना चावी जमा करावी लागली, तेव्हा अण्णांनी लोहाराकडून तशीच दुसरी घडवून घेतली. ती खांद्यावर टाकून ते भाजीलाही जात. एकदा तर लग्नाच्या पंगतीत चावी मांडीवर घेऊन जेवले. वाढपी बिचारा दोन हात लांबून आमटी वाढत होता.

सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं. त्या दिवशी घरोघरी लाईनला थेट मोटर लावून पाणी ओढतात. पुढच्यांच्या टाक्या वाहतात आणि गल्लीच्या टोकाला बादलीही भरत नाही. मोटर लावायला बंदी आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. अण्णा मात्र झाकणाला कान लावून नावानिशी सांगत. "वकिलाची खोकतीया. पिठाच्या गिरणीवाल्याची जुनी हाय, धापा टाकतीया."

माझ्या दारात उभे राहून तर ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर, तुमची नवी हाय. लई गोड गुरगुरतीया."

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. आतून सुनंदानं, माझ्या बायकोनं, खटकन मोटर बंद केली. मी म्हणालो, "कसली मोटर?" अण्णा पुढच्या दाराकडे वळले. ते गेल्यावर आम्ही मोटर परत चालू केली. खोटं कशाला सांगू?

मग तो उन्हाळ्यातला दिवस आला. पाणी सहाव्या दिवशी सुटलं होतं. अण्णांनी नेहमीप्रमाणे पहिल्या नळाचं पाणी ओंजळीत घेतलं, हुंगलं, आणि चावी घेऊन पळत सुटले. मिनिटभरात सगळ्या गल्लीचे नळ बंद.

आम्ही रिकाम्या घागरी घेऊन बाहेर आलो. अण्णा झाकणावर मांडी घालून बसले होते.

"वास मारतंय. ड्रेनेज मिसळलंय. आज कुणी भरायचं न्हाय."

आम्ही पाणी हुंगलं. कुणालाच वास आला नाही. गिरणीवाला ओरडला, "अण्णा, तुम्ही आता नोकरीत नाही! उठा!"

"उचला मला. पर पाणी सोडायचं न्हाय."

आणि आम्ही त्यांना खरंच उचललं. गिरणीवाल्यानं खांदे धरले, मी पाय. हाडांचा नुसता सापळा होता. त्यांना कडेच्या ओट्यावर ठेवलं, त्यांच्याच चावीनं पाणी सोडलं आणि मोटरी लावल्या.

तिसऱ्या दिवसापर्यंत अर्धी गल्ली जुलाबानं आडवी. टोकाच्या घरातल्या चिमणीला, सात वर्षांच्या पोरीला, दवाखान्यात सलाईन लावलं. दोन दिवस तिनं डोळे उघडले नाहीत. मी भेटायला गेलो आणि दवाखान्याच्या जिन्यावरूनच परत आलो.

मग रस्ता खणला. लाईनचा एक सांधा सुटला होता आणि तो ड्रेनेजच्या काळ्या पाण्यात बुडाला होता. खड्ड्याशी उभी असलेली तरुण इंजिनिअर म्हणाली, "एरवी पाणी बाहेर गळलं असतं. पण तुम्ही मोटरींनी ओढलं की बाहेरची घाण आत येते. किती मोटरी आहेत इथं?"

टोकाच्या त्या घरात मोटर नव्हती. आम्ही ओढलेली घाण त्यांच्या पोरीच्या पोटात गेली होती.

चिमणी वाचली. ती घरी आली तोवर गल्लीत नवी लाईन पडली होती. त्याच दिवशी मी मोटर काढली आणि माफी मागायला अण्णांकडे गेलो. त्यांच्या खोलीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. एक खाट, एक स्टो, भिंतीवर एका मुलीचा शाळेतला फोटो.

माफीचं त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. फोटोकडे बघत म्हणाले, "आमची शांता. सांगोल्याला दिलीया. आमी तवा ज्या वस्तीत ऱ्हायचो, तितं एकच सरकारी नळ. बायको आजारी. पोरगी पाण्याच्या रांगेत उभी ऱ्हायची. धाव्वीचा एक पेपर चुकला, मग शाळाच सुटली. लगीन झाल्यावर एकदा म्हायेरी आली तवा मला म्हन्ली, बाबा, चावी तुमच्याच हातात हुती की. आपल्या वस्तीला अर्धा तास जादा सोडलं असतं तर?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हन्लं, तो अर्धा तास दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीचा हाय. तवापासनं आठ वर्सं झाली. येत न्हाय."

अण्णांनी उशीखालून मोबाईल काढून माझ्या हातात दिला.

"मास्तर, तिला जरा लिवा की. हितं नवी लाईन टाकली, पाणी चांगलं येतंय म्हणून."

मी लिहिलं. पुढे 'एकदा येऊन जा' असंही जोडलं आणि वाचून दाखवलं.

"ते खोडा," अण्णा घाईनं म्हणाले. "तिला अडचणीत टाकू नका. पाण्याचं तेवढंच ऱ्हाऊ द्या."

मी खोडलं आणि पाठवलं. अण्णांनी मोबाईल परत घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पडदा विझला की पुन्हा बोटानं उजळत बसून राहिले.